‘माझी शाळा अशी हवी’: चित्र आणि संकल्पनातून शाश्वत शाळा, शिक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांमधले शिक्षक हा उपक्रम सुरू करताना जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे करण्यासारखं बरंच आहे. पाचवी ते नववीची मुलं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय.

नेमकं करायचं काय असतं?

मुलांनी आपलीच शाळा नीट बघायची, मोजायची, तिचं चित्र काढायचं आणि मग ती कशी असायला हवी याचा आराखडा मांडायचा. ऊन, वारा, पाणी, कचरा, सावली, आवाज, खाणं या सगळ्याचा विचार त्या आराखड्यात यायला हवा. शेवटी कागदावरची चित्रं आणि एखादी प्रतिकृती तयार होते. खरं काम त्याच्या आधी होतं, मूल खडू घेऊन मैदानावर वाकलेलं असतं तेव्हा.

पर्यावरण दिनाला चित्रकला स्पर्धा घेतोच की आम्ही. हे वेगळं कसं?

पाच जूनला आपल्या शाळा बंदच असतात. मग पर्यावरण दिन जूनच्या अखेरीस कधीतरी उरकला जातो. मुलं तळहातावर पृथ्वी काढतात, खाली ‘झाडे लावा, झाडे जगवा’ लिहितात, तीन बक्षिसं निघतात आणि कागद कपाटावर जातात. त्या चित्रांत चूक काही नाही, पण एकही नवी गोष्ट नसते. ज्या मुलाने ती पृथ्वी काढली, त्याला आपल्या शाळेच्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी कुठे जातं हे माहीत नसतं. बहुतेक वेळा आपल्यालाही नसतं.

घोषवाक्य पाठ असणाऱ्याला विचार करावा लागत नाही. पन्हळीचं चित्र काढायचं म्हटलं की मात्र पन्हळ संपते कुठे ते जाऊन बघावंच लागतं. चित्रकलेचा हा उपयोग आपण फार कमी करून घेतो.

सुरुवात कुठून करू?

कोरा कागद देऊन ‘स्वप्नातली शाळा काढा’ असं सांगू नका. तसं सांगितलं की दोन डोंगर, मधे सूर्य, नारळाचं झाड आणि बाजूला एक पवनचक्की येते. मग ती शाळा लातूरची असो की लांज्याची.

आधी आहे ती शाळा काढू द्या. मोजपट्टीची अडचण असेल तर वर्गातली शहाबादी फरशी हेच माप धरा. एक फरशी म्हणजे आलेखवहीतला एक चौकोन. मुलं ओणवी होऊन फरश्या मोजतात, भिंतीजवळची अर्धी फरशी कशी दाखवायची यावर भांडतात, दरवाजा कुठल्या बाजूला उघडतो ते दाखवायला विसरतात आणि परत जाऊन बघून येतात. तासाभरात वर्गाचा प्रमाणबद्ध नकाशा हातात असतो. तोपर्यंत ‘प्रमाण’ हा शब्द कोणी उच्चारलेलाही नसतो.

दुसरं काम सावलीचं. कोरड्या दिवशी सकाळी दहा, बारा, दोन आणि चार वाजता इमारतीच्या सावलीची कड मैदानावर खडूने किंवा फक्कीने आखायची. चार रेषा झाल्या की शाळेभोवतीची कुठली जागा दिवसभर तापते आणि कुठली थंड राहते हे पायाखाली दिसतं. मग प्रश्न मुलंच विचारतात: पोषण आहाराची पंगत उन्हात का बसते? झाडं कंपाउंडच्या कडेनेच का लावली, पश्चिमेच्या भिंतीजवळ का नाही?

हे डिसेंबरात एकदा आणि एप्रिलमध्ये परत करा. पुण्यात डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर, दक्षिणेकडे असतो. मे महिन्याच्या मध्यावर तो बरोब्बर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात सगळ्यात जास्त मार छपराला बसतो आणि त्याखालोखाल पूर्व-पश्चिमेच्या भिंतींना. दक्षिणेच्या खिडकीवर साधा छज्जा पुरतो. पश्चिमेच्या खिडकीला तो पुरत नाही, कारण तिथे ऊन आडवं येतं. तिथे झाड, जाळी, पडवी असं काहीतरी उभं करावं लागतं. हे भूगोलाच्या पुस्तकात असतंच, पण खडूची रेघ मारलेल्या मुलाला ते पुन्हा समजवावं लागत नाही.

तिसरं काम पाण्याच्या वाटेचं. नळकोंडाळ्यापासून सुरुवात करून सांडलेलं पाणी जिथे मुरतं किंवा साचतं तिथपर्यंत चालत जायचं आणि तो रस्ता नकाशावर निळ्या रंगाने दाखवायचा. पुष्कळ शाळांत हा निळा पट्टा फाटकाबाहेरच्या चिखलात जाऊन संपतो, आणि आतली परसबाग मात्र कोरडी असते.

मुलं आराखड्यात स्विमिंग पूल, लिफ्ट आणि रोबो काढतात. खोडू का?

खोडू नका, विचारा. पूल का हवा? ‘गरम होतं सर.’ मग गारवा आणखी कशाकशाने मिळेल, असा पुढचा प्रश्न टाकायचा. पुलाला पाणी किती लागेल, कुठून येईल, मे महिन्यात गावाला टँकर येतो तेव्हा काय करायचं, हे त्यांनाच मोजू द्या. काही मुलं पूल सोडून देतात. काही तो छोटा करून पाय बुडवायच्या हौदापर्यंत आणतात, आणि हौदाचं पाणी परसबागेला जोडतात. ही तडजोड त्यांनी स्वतः केलेली असते. तुम्ही पूल खोडला असता तर हौद आला नसता.

लिफ्टचं चित्र कुणी काढलं ते जरूर बघा. बऱ्याचदा वर्गात कुणाचा तरी पाय अधू असतो.

एखाद्या चित्रातून अडचणीचे विषय निघाले तर?

निघतीलच, आणि निघावेत. सातवीतल्या एका मुलीने आदर्श शाळेचं म्हणून फक्त मुलींच्या स्वच्छतागृहाचं चित्र काढलं होतं. आतून लागणारी कडी, ओढणी टांगायला खुंटी, उंचावर जाळीची खिडकी आणि कोपऱ्यात झाकणाची बादली. बाण काढून प्रत्येक गोष्टीचं नाव लिहिलेलं. वर्गातल्या इतरांनी मोठाले सौर पॅनल काढले होते. शाश्वत शाळा या विषयावर त्या दिवशीचं सगळ्यात नेमकं उत्तर खुंटीवाल्या चित्रात होतं. जिथे स्वच्छतागृह नीट नाही म्हणून मुलगी पाणी पिणं टाळते, तिथे बाकीच्या योजनांचं काय घेऊन बसायचं!

अशी चित्रं भिंतीवर लावण्याआधी त्या मुलीला विचारा. तिची हरकत असेल तर नाव काढून मुद्दा पुढे न्या.

आमच्याकडे चित्रकलेचा शिक्षकच नाही.

निम्म्या ठिकाणी हेच ऐकायला मिळतं. या कामाला छायाभेद किंवा जलरंगाचं कौशल्य लागत नाही. आराखडा काढायला सरळ रेघ, माप आणि थोडा धीर पुरतो. गणिताचे आणि विज्ञानाचे शिक्षक हे बरेचदा जास्त चांगलं घेतात, कारण चित्र ‘छान’ यावं असा त्यांचा आग्रह नसतो. कलाशिक्षक असतील तर उत्तमच. फक्त त्यांना रांगोळी, फलकलेखन आणि गॅदरिंगच्या पडद्यातून थोडं मोकळं करा.

तास कुठून काढायचे? आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांची तयारी मागे पडणार नाही का?

कलेचा आणि कार्यानुभवाचा तास जोडून घ्या. मोजमापाचा भाग गणितात जातो, सावलीचा भूगोलात, आजी-आजोबांच्या मुलाखती मराठीत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कलेची इतर विषयांशी सांगड घालायला सांगितलंच आहे. कुणी अडवलं तर ते पुढे करता येतं.

ग्रेड परीक्षेचं म्हणाल तर अडथळा नाही, मदतच होते. भूमिती, स्मरणचित्र, अक्षरलेखन या सगळ्याचा सराव यात आपोआप होतो. संकल्पचित्राचं मात्र थोडं स्पष्ट बोलतो. दिलेल्या चौकटीत पानाफुलांचे आकार गुंफून सपाट रंग भरायचे, एवढ्यावरच ते येऊन थांबलंय. ज्या मुलाने एकदा तरी बसायचा कट्टा किती उंच असावा यावर डोकं खाजवलंय, त्याचं संकल्पचित्रही वेगळं दिसतं.

नकाशा काढता येतो, पण ‘छेद’ मुलांना कसा समजावू?

डाळिंब किंवा कांदा उभा कापून दाखवा, एवढ्याने कळतं. मग म्हणा, आता वर्ग असाच वरून खाली कापलाय आणि आपण बाजूने बघतोय. जमीन, भिंतीची जाडी, खिडकीची उंची, पंखा, पत्रा, त्यावरचं आकाश. या एका चित्रात वारा कुठून शिरतो आणि गरम हवा कुठे कोंडते ते दिसतं. गरम हवा वर जाते आणि वर तर झरोकाच नाही, हे नकाशात कधीच कळलं नसतं. छेदात माणूस काढायला लावा. बाकावर बसलेलं मूल आणि त्याच्या डोळ्यांची रेघ काढली की खिडकी त्याच्या डोक्याच्याही वर आहे, त्याला बाहेरचं काही दिसत नाही, हे पटकन लक्षात येतं.

प्रतिकृती कशाची करावी?

थर्माकोलची करू नका. पर्यावरणपूरक शाळेचं मॉडेल थर्माकोलचं आणि त्यावर चमकीचा हिरवा कागद, हे दृश्य विज्ञान प्रदर्शनात अजूनही दिसतं. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिक आणि थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी आहे. तरी तालुक्याच्या स्टेशनरीच्या दुकानात शीट मिळतेच.

जुनी पुठ्ठ्याची खोकी, तुऱ्हाट्या, काडेपेट्या, बांबूच्या कामट्या, गावातली माती, नारळाच्या करवंट्या, वर्तमानपत्राचा लगदा आणि खळ. शाडू माती चांगली असते, पण ती बहुतेक ठिकाणी बाहेरून विकत आणावी लागते. ओढ्याकाठची चिकणमाती आधी बघा.

काडेपेट्यांचा एक खेळ सांगतो. रिकाम्या काडेपेट्या विटा समजून नेहमीसारखी आडवी भिंत रचायची. मग त्याच काडेपेट्या कडेवर उभ्या करून, मधे पोकळी ठेवून तेवढीच भिंत रचायची. दुसऱ्या भिंतीला काडेपेट्या कमी लागतात. लॉरी बेकर या वास्तुरचनाकाराने केरळात घरोघरी वापरलेली ही पद्धत. ‘रॅट ट्रॅप बाँड’ म्हणतात तिला. खऱ्या भिंतीत जवळजवळ पाव हिस्सा विटा वाचतात, आणि मधल्या हवेमुळे खोली कमी तापते. बेकर इंग्लंडमध्ये जन्मले, भारतात आले ते इथलेच झाले आणि २००७ मध्ये तिरुवनंतपुरममध्ये वारले. जिथे बांधायचंय तिथल्याच मातीत आणि कारागिरांच्या हातात काय आहे ते आधी बघायचं, ही त्यांची रीत. मुलांना सांगण्यासारखी आहे.

पावसाच्या पाण्याचं गणित कसं घ्यायचं?

एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. एवढं एकच सूत्र फळ्यावर लिहा. समजा शाळेचा पत्रा १५० चौरस मीटर आहे आणि गावात वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. ९०,००० लिटर झाले. गळती, उडणं, पहिला मळका पाऊस सोडून देणं, यात वीस टक्के गेले तरी ७२,००० लिटर उरतात. दोनशे मुलांना रोज दोन-दोन लिटर धरलं तर १८० दिवसांचं पाणी.

इथे वर्गात टाळ्या पडतात. लगेच पुढचा प्रश्न टाका: एवढं पाणी ठेवायचं कुठे? ७२,००० लिटर म्हणजे सहा मीटर बाय सहा मीटरची खोली दोन मीटर उंचीपर्यंत भरलेली. आपल्या वर्गाएवढी टाकी मैदानात कुठे बसेल ते नकाशात दाखवा. आता मुलांना कळतं की सगळं साठवणं परवडणार नाही. थोडं टाकीत, थोडं बोअरच्या पुनर्भरणाला, थोडं परसबागेला असं वाटप सुरू होतं. पिण्यासाठी गाळणं आणि शुद्ध करणं लागेल हेही कुणीतरी बोलतं. त्या वाटपाची चित्रं बघण्यासारखी होतात. आधी जी मुलं छपरावर फक्त एक नळ काढून मोकळी व्हायची, ती आता पन्हळीचा उतार दाखवतात.

मुलांना दाखवायला खऱ्या शाळा कुठल्या?

बालीतली ‘ग्रीन स्कूल’ इंटरनेटवर सगळ्यात आधी सापडते. २००८ साली सुरू झालेली, बांबूच्या प्रचंड कमानींची. दाखवा, डोळे विस्फारतात. पण तिथून सुरुवात करू नका. ती महागडी आंतरराष्ट्रीय शाळा आहे आणि ‘हे आपल्याला कुठलं जमतंय’ असं मुलं मनातल्या मनात म्हणतात.

त्यापेक्षा बुर्किना फासोमधल्या गांडो गावची प्राथमिक शाळा दाखवा. डिएबेडो फ्रान्सिस केरे याच गावचा मुलगा. बर्लिनमध्ये वास्तुरचना शिकत असतानाच त्याने गावाच्या शाळेचा आराखडा केला, पैसे जमवले आणि गावकऱ्यांच्या हातांनी २००१ मध्ये शाळा उभी केली. भिंती मातीच्या दाबून केलेल्या विटांच्या, वर त्याच विटांचं सच्छिद्र छत, आणि पत्रा त्या छताला टेकवलेला नाही, सळ्यांच्या सांगाड्यावर बराच वर उचललेला. पत्रा तापतो, पण मधून वारा वाहतो आणि उष्णता वर्गात उतरत नाही. २००४ मध्ये या शाळेला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला आणि २०२२ मध्ये केरेंना प्रित्झकर हा वास्तुकलेतला मोठा पुरस्कार. बीड, धाराशिव, जालन्याच्या पत्र्याच्या वर्गात मार्चनंतर बसलेल्या मुलाला हे चित्र ताबडतोब कळतं. तो वर बघतो. आपल्या पत्र्याखाली तर काहीच नाही. मग बांबूच्या तट्ट्या बांधल्या तर? पत्रा दोन हात उचलला तर? सांगाड्याला वाऱ्याचा जोर सोसेल का? गावातला वेल्डर बोलवा, त्याला विचारा.

दुसरी, बांगलादेशातल्या दिनाजपूर जिल्ह्यात रुद्रपूरची मेटी शाळा. आना हेरिंगर आणि आयके रोसवाग यांनी केलेली, २००५-०६ मध्ये बांधलेली. खाली मातीच्या जाड भिंती, त्यांत मुलांना शिरून बसायला गुहेसारखी भोकं, वर बांबूचा मजला, आणि रंगीत साड्यांचं कापड. भिंतीची माती आणि पेंढा म्हशींच्या पायांनी तुडवून घेतला. याही शाळेला २००७ मध्ये आगा खान पुरस्कार मिळाला. मुलांना पुरस्कारात रस नसतो, त्यांना गुहा आवडतात. ‘सर, आपल्या शाळेत एकट्याला बसायला जागाच नाही,’ हे वाक्य त्या गुहांच्या फोटोनंतर येतं. शाळेच्या कुठल्याच सरकारी नमुन्यात त्याचा रकाना नसतो.

थंडीचं उदाहरण हवं तर लडाखमधल्या फे गावचा ‘सेकमोल’ या शिक्षणसंस्थेचा परिसर. दक्षिणेला काच, बाकी जाड मातीच्या भिंती, आणि हिवाळ्यात ऊब उन्हाची. वाळवंटातलं हवं तर जैसलमेरजवळची राजकुमारी रत्नावती मुलींची शाळा, स्थानिक पिवळ्या वालुकाश्माची, अंडाकृती, जाळीच्या भिंतींची. दोन्ही शेजारी ठेवा आणि इमारती इतक्या वेगळ्या का, एवढंच विचारा.

आपल्याकडचं, महाराष्ट्रातलं काही नाही का?

आहे, भरपूर आहे. फक्त शाळेच्या नावाखाली शोधू नका, घरं बघा. कोकणात जांभ्या चिऱ्याची भिंत, उतरती कौलं आणि पुढे पडवी. मराठवाड्यात पांढऱ्या मातीच्या जाड भिंती आणि वर माळवद. वाड्याचा मधला चौक, ओसरी, भिंतीतली देवळी. विदर्भात कुडाच्या भिंती आणि बांबूचे तट्टे. मुलांनी घरातल्या वडीलधाऱ्या माणसांना विचारायचं: तुमच्या लहानपणी घर कशाचं होतं, उन्हाळ्यात दुपारी सगळे कुठे निजायचे, पाणी कुठे ठेवायचे? उत्तराचं चित्र काढायचं. पंखा नसताना माणसं कशी राहिली याची ही चांगली शिकवणी होते.

मात्र जुनं ते सोनं असा सूर लावू नका. मातीच्या घरात गळतं, उंदीर होतात, आणि दर आठवड्याला सारवायचं काम घरच्या बाईच्याच वाट्याला यायचं. आजीला विचारलं तर ती हे पण सांगेल. ‘मला पत्र्याचं घर झालं तेव्हा बरं वाटलं बाई,’ असं एखादी आजी म्हणाली तर तेही चित्रात यायला हवं.

शाळांचं म्हणाल तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं काम सांगा. १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी जे केलं त्यात अंगणवाडी आहे आणि कुरणशाळाही. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची! शैक्षणिक साहित्य म्हणजे शंख, शिंपले, खडे, पानं, बिया. इमारत न बांधता शाळेची रचना बदलता येते, याचं इतकं सरळ उदाहरण परदेशात शोधायला नको. त्याच डहाणू-तलासरी भागातली वारली चित्रंही या कामाला जोडता येतात. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठीने काढलेली, घर, झाड, माणूस आणि गुरं एकाच मापात मांडणारी. पण शाळेच्या कंपाउंडवर ऑइलपेंटने वारली नर्तकांची रांग काढली की काम झालं, असं समजू नये.

महाराष्ट्राबाहेरचं असलं तरी बंगालमधलं शांतिनिकेतनही विसरू नका. रवींद्रनाथांनी १९०१ मध्ये शाळा सुरू केली आणि वर्ग झाडाखाली भरवले. तिथल्या ‘कालो बाडी’ या माती-डांबराच्या काळ्या वसतिगृहाच्या भिंतींवरचं उठावकाम विद्यार्थ्यांनी आपल्या गुरूंबरोबर केलंय. मुलांच्या हातचं काम इमारतीचा भाग होऊ शकतं, ते वर्षाअखेर काढून टाकायचं नसतं.

आमच्या भिंती बोलक्या करून झाल्या आहेत. तेवढं पुरे नाही का?

रंगवलेल्या भिंती सुंदर दिसतात, फोटोही छान येतो. मूळ कल्पना मात्र त्याहून मोठी होती. ‘बाला’ म्हणजे इमारतच शिकण्याचं साधन करायची. दिल्लीच्या ‘विन्यास’ संस्थेने युनिसेफच्या मदतीने ती पुढे आणली. दार उघडतं तिथे जमिनीवर कोनमापक, पायऱ्यांवर संख्या, खिडकीच्या गजांत मणी. मुलाने हात लावावा, सरकवावं, मोजावं अशा गोष्टी. आपल्याकडे त्यातून बराचदा पेंटरने काढलेले फळांचे तक्ते तेवढे उरले. ते कुणी वाचत नाही, रोज समोर असतात म्हणून दिसेनासे होतात. तुमच्या भिंतीवर मुलांनी आखलेल्या सावलीच्या रेषा आणि महिन्यांची नावं रंगवा. ती भिंत दरवर्षी कामाला येईल.

सौर पॅनल आराखड्यात असलेच पाहिजेत का?

नाही. वीज कशाला लागते ते आधी मोजा. दिवसा चार ट्यूब का लावाव्या लागतात? खिडकीवर जाहिरातीचा फ्लेक्स बांधलाय म्हणून. तो सोडला तर दोन ट्यूब वाचतात. पॅनल लावल्यावर ते कोण पुसणार, हाही आराखड्याचाच भाग.

शहरात तिसऱ्या मजल्यावर शाळा भरते. मैदान नाही, झाड नाही.

मग जिना, गॅलरी, गच्ची आणि आवाज हे तुमचे विषय. मुंबई-ठाण्याच्या मुलांनी काढलेले आवाजाचे नकाशे फार बोलके होतात. कुठल्या खिडकीतून हॉर्न येतो, कुठे बाईंना ओरडून शिकवावं लागतं. डब्यातलं उरलेलं अन्न आठवडाभर मोजून त्याचे चित्ररूप तक्ते करा. गच्चीच्या स्लॅबला पांढरा चुना मारून खालच्या वर्गाचं तापमान आधी आणि नंतर मोजा. विज्ञानाच्या प्रयोगशाळेतला तापमापक पुरतो. येण्या-जाण्याचा नकाशाही घ्या: कोण चालत, कोण रिक्षाने, कोण व्हॅनने. दोन शिफ्टच्या शाळेत संध्याकाळच्या मुलांना अंधारात जिना कसा दिसतो, हे सकाळच्या मुलांना ठाऊकच नसतं.

रंग कुठले वापरू?

गेरू, चुना, कोळसा, हळद, नीळ. मार्चमध्ये पळसाची फुलं. बाकी साधे पोस्टर कलर चालतील, उगाच सोवळं पाळू नका.

मोबाईलवर एआयने काढलेलं शाळेचं चित्र चालेल?

शेवटी गंमत म्हणून चालेल. त्यात काचेची गोल इमारत आणि वेलींनी लगडलेल्या गच्च्या येतात. मुलांना त्या चित्रात चुका शोधू द्या: पाणी कुठून येतं, काच कोण पुसतं, एप्रिलमध्ये आत काय होईल? फरश्या मोजलेली मुलं ते चित्र पाच मिनिटांत फाडून खातात.

गुण कसे द्यायचे?

रेखाटनाच्या सफाईला कमी, निरीक्षणाला जास्त. पहिल्या आणि शेवटच्या चित्रात काय बदललं, आणि का बदललं हे मुलाला सांगता येतं का, एवढं बघा. गटकाम असेल तर माप घेणारा, आखणारा, विचारपूस करून येणारा, प्रत्येकाची नोंद ठेवा. ज्याचा हात चित्रात चालत नाही पण जो वेल्डरशी बोलून आला, त्याला पूर्ण गुण मिळायला हवेत.

प्रदर्शन झालं. मग चित्रांचं काय?

बहुतेक उपक्रम इथेच संपतात: फीत कापली, पाहुणे आले, फोटो व्हॉट्सॲपवर गेले. शिक्षणहक्क कायदा २००९ चं कलम २१ आणि २२ एकदा वाचा. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात, आणि सरकारी व जिल्हा परिषदेच्या शाळांत ‘शाळा विकास आराखडा’ करणं हे या समितीचं काम आहे. आपल्याकडे तो आराखडा अनेकदा मुख्याध्यापक एका दुपारी भरतात आणि समिती सह्या करते. मुलांची चित्रं या आराखड्याला पुरवणी म्हणून जोडा. समितीच्या बैठकीत दोन-तीन मुलांना प्रतिकृती घेऊन बोलू द्या. पालक आपल्या पोराचं ऐकतात, निदान पाच मिनिटं तरी.

कामं तीन ढिगांत लावून न्या. फुकट होणारी: बाकं फिरवणं, फ्लेक्स काढणं, नळाचं पाणी परसबागेकडे वळवणारा चर. लोकवर्गणीत होणारी: खुंट्या, कड्या, तट्ट्या, चुना. आणि निधी लागणारी: छप्पर, टाकी, नवं स्वच्छतागृह. तिसऱ्या ढिगासाठी ग्रामसभेत विषय मांडावा लागतो, ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात तो यावा लागतो. त्यासाठी सावलीचा नकाशा आणि पाण्याचं गणित सोबत असेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यालाही उत्तर द्यावं लागतं.

आणि मुलांनी मांडलेलं काहीच झालं नाही तर? त्यांचा हिरमोड होईल.

होईल. म्हणूनच पहिल्या ढिगातलं एक काम प्रदर्शनाच्या आधीच मुलांकडून करून घ्या. चर खणायला परवानगी लागत नाही, कुदळ लागते.

उरलेल्या प्रत्येक मागणीला कुणी काय उत्तर दिलं ते मुलांनीच वहीत लिहायचं: कुणाला विचारलं, कोणत्या बैठकीत, नाही का म्हणाले. ‘पैसे नाहीत’ आणि ‘बघू’ ही दोन वेगळी उत्तरं आहेत, ती वेगळीच लिहा. वही शाळेत राहते. पुढच्या वर्षीची सातवी तिथून पुढे सुरू करते, आणि समितीच्या पुढच्या बैठकीत ती वही टेबलावर असते.